टाच दुखावलेल्या धावपटूंसाठी स्ट्रेचिंग आणि योगासने

धावणाऱ्यांचे टाचेचे दुखणे एकाच प्रकारचे नसते, त्यामुळे कोणतेही आसन सुरू करण्यापूर्वी दुखण्याची नेमकी जागा बोटाने दाबून शोधावी. सकाळी अंथरुणातून उठून टाकलेल्या पहिल्या काही पावलांना टाचेच्या खालच्या बाजूला कळ येत असेल आणि थोडे चालल्यावर ती कमी होत असेल, तर बहुधा तळपायाला आधार देणारा जाड पट्टा, म्हणजे प्लांटर फॅशिया, दुखावलेला असतो. टाचेच्या मागे, हाडापासून दोन-तीन बोटे वर दुखत असेल, तर पोटरीला टाचेशी जोडणाऱ्या अकिलीस टेंडनच्या मधल्या भागाचे दुखणे असते. आणि हे टेंडन जिथे हाडाला चिकटते त्याच जागी दुखत असेल, तर ते तिसरे, वेगळे दुखणे समजावे. या तिन्ही दुखण्यांवर ‘पोटरी ताणा’ असा एकच सल्ला सर्रास दिला जातो, परंतु पहिल्या दोहोंत उपयोगी पडणारा तोच ताण तिसऱ्यात दुखणे वाढवू शकतो.

रात्री झोपेतही ठणकणारी टाच, टाचेचे हाड दोन्ही बाजूंनी दाबल्यावर येणारी तीव्र कळ, सूज, किंवा धावताना मागून कोणी लाथ मारल्यासारखे वाटून नंतर चवड्यावर उभेच राहता न येणे, ही लक्षणे असतील तर घरी काहीही न करता अस्थिरोगतज्ज्ञांकडे जावे. हाडाला बारीक चीर गेली असेल किंवा टेंडन तुटले असेल, तर स्ट्रेचिंगने नुकसानच होते.

तळपायाच्या दुखण्यासाठी सर्वांत गुणकारी ताण अगदी साधा आहे, आणि तो अंथरुणातून पाय खाली ठेवण्याआधी करायचा असतो. दुखरा पाय दुसऱ्या पायाच्या गुडघ्यावर आडवा ठेवून बसावे, हाताने पायाची सर्व बोटे धरून नडगीच्या दिशेने मागे ओढावीत आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने तळवा चाचपून पट्टा दोरीसारखा ताठ झाला आहे याची खात्री करून घ्यावी. १० सेकंद धरून सोडावे, असे १० वेळा करावे आणि दिवसातून तीनदा करावे. अमेरिकेत २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जुनाट टाचदुखीच्या रुग्णांना केवळ पोटरी ताणण्यापेक्षा याच ताणाने अधिक आराम पडल्याचे दिसले होते. रात्रभर पाऊल सैल पडलेले असते आणि पहिल्याच पावलावर सगळा भार त्या पट्ट्यावर एकदम येतो, हे लक्षात घेतले की उठण्याआधीच्या या काही मिनिटांचे महत्त्व कळते. आपल्याकडे घरात फरशीवर अनवाणी वावरण्याची सवय असते. बरे वाटेपर्यंत घरातही मऊ तळाच्या चपला घालाव्यात.

दुखणे थोडे निवळल्यावर पायाची बोटे जमिनीला टेकवून, चवडे उभे ठेवून वज्रासनात बसता येते. सुरुवातीला दोन्ही हात पुढे टेकून बराचसा भार हातांवर घ्यावा आणि टाचा व नितंब यांच्यामध्ये घडी केलेली सतरंजी ठेवावी. २० सेकंद पुरेत. मांडीच्या मागच्या स्नायूंसाठी सुप्त पादांगुष्ठासन मला सर्वांत सोयीचे वाटते, कारण पाठीवर झोपून, तळव्याला पट्टा किंवा जुनी ओढणी अडकवून पाय वर उचलताना टाचेवर शरीराचा भार मुळीच येत नाही. पट्टा, विटा, लोड अशा साधनांचा आधार घेऊन दुखावलेल्या शरीराला आसनात सुरक्षित नेण्याची पद्धत पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगार यांनी रूढ केली, आणि धावपटूंनी ती निःसंकोच वापरावी.

आता अधोमुख श्वानासनाविषयी, म्हणजे हात व पावले जमिनीवर टेकवून कंबर वर उचलण्याच्या आसनाविषयी, कारण धावपटूंना सर्रास सुचवले जाणारे हे आसन चुकीच्या टाचेला महागात पडते. तळपाय किंवा टेंडनचा मधला भाग दुखत असेल, तर हे आसन करावे, मात्र टाचा जमिनीला टेकवण्याचा अट्टहास करू नये. एक गुडघा सरळ आणि एक वाकवलेला, असे आलटून पालटून केल्यास पोटरीच्या वरच्या व आतल्या अशा दोन्ही स्नायूंना ताण मिळतो. दुखणे टेंडनच्या जोडावर असेल, तर मात्र पाऊल नडगीकडे जितके अधिक वाकते तितके टेंडन टाचेच्या हाडावर दाबले जाते, आणि हा दाब हेच तिथल्या दुखण्याचे एक मुख्य कारण असते. अशा व्यक्तीने टाचांखाली वीट किंवा जाड घडी ठेवावी, मालासन, म्हणजे उकिडवे बसण्याचे आसन, पूर्ण टाळावे आणि पायरीच्या कडेवरून टाच खाली सोडण्याचा व्यायामही करू नये.

स्ट्रेचिंगने वेदना हलकी होते आणि सांधे मोकळे होतात, परंतु धावण्याचा भार पुन्हा पेलण्याची ताकद त्यातून येत नाही, हे स्पष्टपणे सांगणे मला आवश्यक वाटते. ती ताकद टाचा उचलण्याच्या व्यायामातून येते. टेंडनच्या मधल्या भागासाठी स्वीडनमध्ये १९९८ साली प्रसिद्ध झालेला कार्यक्रम आजही वापरला जातो: पायरीच्या कडेवर चवड्यांनी उभे राहून चांगल्या पायाच्या मदतीने वर जावे आणि केवळ दुखऱ्या पायावर सावकाश खाली यावे, १५ वेळा, असे तीन फेरे, गुडघा सरळ ठेवून आणि वाकवून, दिवसातून दोनदा, १२ आठवडे. जोडावर दुखत असेल तर हाच व्यायाम सपाट जमिनीवर करावा. तळपायाच्या दुखण्यात बोटांखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवून एकेका पायाची टाच तीन सेकंदांत उचलावी, दोन सेकंद थांबावे, तीन सेकंदांत खाली यावे, आणि हे एक दिवसाआड करावे. भिंतीजवळ उभे राहून केलेले वृक्षासन पावलातील लहान स्नायूंना कामाला लावते, म्हणून तेही जोडीला असावे.

व्यायाम करताना थोडे दुखणे चालते. दहापैकी तीनच्या पुढे वेदना जाऊ देऊ नये, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी टाच आदल्या दिवसापेक्षा अधिक आखडलेली वाटली तर फेरे कमी करावेत. धावण्याआधी एकेक मिनिटभर स्नायू ताणून धरू नयेत, त्याने ताकद तात्पुरती घटते. पाय झुलवणे, घोटे फिरवणे आणि जलद चालणे ही तयारी पुरेशी आहे. लांब ताण धावल्यानंतर किंवा संध्याकाळी घ्यावेत.

अर्धा तास वेगाने चालून दुसऱ्या दिवशी त्रास वाढला नाही, की मगच एक मिनिट हळू धावणे आणि दोन मिनिटे चालणे असे आलटून पालटून, सपाट रस्त्यावर, एक दिवसाआड सुरू करावे. आधी वेळ वाढवावा, मग वेग. चढ सर्वांत शेवटी घ्यावा, कारण चढावर घोटा अधिक वाकतो आणि पोटरीला प्रत्येक पावलाला अधिक जोर लावावा लागतो. साताऱ्याच्या हिल मॅरेथॉनसाठी यवतेश्वरच्या घाटात सराव करणाऱ्यांनी सपाटीवरचे नेहमीचे अंतर विनातक्रार पूर्ण होईपर्यंत घाटाकडे वळू नये, आणि वळल्यानंतरही टाचा उचलण्याचा व्यायाम आठवड्यातून दोनदा चालू ठेवावा.