शेतघरावरील पवनचक्कीच्या बॅटरीचे चार्जिंग कसे आवरावे

खानापूर तालुक्यात जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला पावसाळ्यात कित्येक दिवस ऊन पडत नाही आणि सौर पॅनेल नावापुरते उरते; वारा मात्र त्याच दिवसांत भरपूर असतो. म्हणून शेतघरावर लहान पवनचक्की बसवण्याचा विचार रास्त आहे. मात्र वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्यातील शक्ती आठपट होते, आणि रात्री सुटलेल्या वाऱ्यात बॅटरी पूर्ण भरल्यावरही चक्की थांबत नाही.

येथे पॅनेलचा अनुभव उपयोगी पडत नाही. बॅटरी भरल्यावर पॅनेल तोडले तरी त्याचे काही बिघडत नाही. चक्कीची तार तोडली तर भार नाहीसा होऊन पाती बेफाम फिरतात, व्होल्टेज चढते आणि कंट्रोलर, म्हणजे चार्जिंग आवरणारे उपकरण, जळतो, प्रसंगी पातीही तुटतात. म्हणून चक्कीला सौर कंट्रोलर कधीही जोडू नये. तिला बॅटरी भरल्यावर जादा वीज डंप लोडकडे, म्हणजे तापणाऱ्या रोधाकडे, वळवणारा कंट्रोलर लागतो.

डंप लोडची क्षमता चक्कीपेक्षा किमान पाव पट जास्त धरावी. समजा, २४ व्होल्टची ६०० वॅट चक्की आहे. २८.८ व्होल्टला १.१ ओहमचा रोध सुमारे २६ अँपिअर, म्हणजे साधारण ७५० वॅट खेचतो. त्यासाठी ४० अँपिअरचा कंट्रोलर घ्यावा. जुने पिवळे बल्ब डंप लोड म्हणून वापरण्याचा मोह आवरावा, कारण थंड तंतू सुरुवातीला कित्येक पट करंट ओढतो आणि बल्ब उडाला की चक्की पुन्हा मोकळी होते. तार गुंडाळून केलेला रोध किंवा त्याच व्होल्टेजचा पाणी तापवण्याचा घटक बरा. रोध लाकूड व गवतापासून दूर लावावा.

जोडणीचा क्रम बदलू नये. वारा मंद असताना चक्कीच्या तिन्ही तारा ब्रेक स्विचने एकमेकींना जोडून ती थांबवावी; जोराच्या वाऱ्यात असा ब्रेक लावल्यास गुंडाळी जळू शकते. नंतर कंट्रोलर बॅटरीला जोडावा, फ्यूज बॅटरीच्या टर्मिनलजवळ ठेवावा, मग डंप लोड आणि सर्वांत शेवटी चक्की जोडून ब्रेक सोडावा. काढताना उलट क्रम पाळावा, आणि चक्की फिरत असताना बॅटरी कधीही वेगळी करू नये.

२४ व्होल्टच्या ट्यूब्युलर लेड-ॲसिड बॅटरीसाठी २५ अंश तापमानाला वीज डंप लोडकडे वळवण्याची मर्यादा साधारण २८.८ व्होल्ट आणि भरल्यानंतरची फ्लोट पातळी सुमारे २७.२ व्होल्ट ठेवावी. उत्पादकाचे आकडे वेगळे असल्यास तेच पाळावेत. पत्र्याच्या खोलीत ३५ अंश झाल्यास मर्यादा जवळपास अर्ध्या व्होल्टने उतरवावी, हिवाळ्यातील गारठ्यात तितकीच वाढवावी. १५० अँपिअर-तासांच्या बॅटरीला १५ अँपिअरच्या आसपासचे चार्जिंग सोसते, म्हणून लहान बॅटरीला मोठी चक्की जोडू नये. लिथियम बॅटरीचे संरक्षक सर्किट मध्येच बॅटरी तोडते, तेव्हा चक्कीची स्थिती तार तोडल्यासारखीच धोक्याची होते. अशा जोडणीत तशा वेळीही भार सांभाळणारा कंट्रोलर आवश्यक आहे.

चाचणी वाऱ्याच्या दिवशी घ्यावी. मल्टीमीटर बॅटरीच्या टर्मिनलवरच लावावा, कारण लांब तारेत व्होल्टेज घटते. मर्यादा गाठल्यावर रोध तापला आणि आकडा स्थिर राहिला, तर जोडणी ठीक आहे. आकडा चढतच राहिला, तर वारा थोडा उतरताच ब्रेक लावून कंट्रोलरची सेटिंग आणि डंप लोडची तार तपासावी.