छोट्या मोबाइल कंपनीने वर्धापनदिन कसा साजरा करावा

रत्नागिरी, मालवण किंवा अलिबागमध्ये चार-सहा माणसांच्या बळावर अ‍ॅप आणि एसएमएस सेवा चालवणाऱ्या कंपनीने वर्धापनदिनाला सत्यनारायण आणि शाल-श्रीफळ जरूर ठेवावे. मात्र त्याआधी महिनाभर आपल्या जुन्या सेवांची झाडाझडती घ्यावी, कारण पुढच्या वर्षी ही सेवा चालू राहणार की नाही, एवढेच ग्राहकाला जाणून घ्यायचे असते.

कार्यक्रम नोंदणीच्या तारखेलाच हवा असे नाही. मार्च ते मे आंबा बागायतदारांना उसंत नसते आणि गणपतीत कोणी फिरकणार नाही. जून-जुलैत यांत्रिक मासेमारी बंद असल्याने बोटमालकही सापडतात.

झाडाझडतीसाठी एका वहीत प्रत्येक सेवेपुढे ती कोण वापरतो, कोणत्या फोनवर चालते आणि कोणाच्या नियमावर अवलंबून आहे, हे लिहून काढावे. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची ४जी सेवा सुरू होऊन डेटा स्वस्त झाला, तेव्हापासून बाजारभाव एसएमएसने कळवण्याचे काम बरेचसे व्हॉट्सअ‍ॅपकडे गेले. ४ जानेवारी २०२२ पासून ब्लॅकबेरीच्या जुन्या प्रणालीवरील फोनना कंपनीचा आधार उरला नाही. अँड्रॉइडची अडचण अधिक चिवट आहे. अ‍ॅप कोणत्या आवृत्तीसाठी बांधलेले असावे, ही अट गूगल दरवर्षी वर सरकवते आणि ती न पाळणारे अ‍ॅप प्ले स्टोअरवर नव्या फोनच्या नव्या ग्राहकांना दिसेनासे होते. म्हणून अपडेट देताना ज्या किल्लीने अ‍ॅपवर डिजिटल सही होते, ती सोडून गेलेल्या प्रोग्रामरच्या लॅपटॉपवर राहिलेली नाही ना, हे आधी पाहावे. ‘आहे कुठेतरी’ या उत्तरावर समाधान मानू नये. तिच्या साहाय्याने एक किरकोळ अपडेट तयार करून प्ले स्टोअरवर अंतर्गत चाचणीसाठी चढवून पाहावे.

आमंत्रणाचा एसएमएस आयत्या वेळी लिहिता येत नाही. ट्राय या दूरसंचार नियामकाच्या २०१८ च्या नियमांनुसार व्यावसायिक संदेशासाठी प्रेषकाचे नाव आणि मजकुराचा साचा दूरसंचार कंपन्यांच्या डीएलटी या ऑनलाइन नोंदणी व्यवस्थेवर आधी मंजूर करून घ्यावा लागतो, आणि साच्यातला मजकूर परस्पर बदलला तर संदेश अडतो. देवनागरीत एका एसएमएसमध्ये ७० चिन्हे मावतात, तर इंग्रजीत १६०. काना, वेलांटी, हलन्त सारे वेगवेगळे मोजले जात असल्याने ‘वर्धापनदिन’ हा एकच शब्द १० चिन्हे खातो. तेव्हा ‘सहकुटुंब, सहपरिवार’ वगैरे छापील पत्रिकेसाठी ठेवून एसएमएसमध्ये दिवस, वेळ आणि ठिकाण एवढेच द्यावे.

जी सेवा बंद करायची आहे, तिची तारीख सर्वांसमोर सांगावी आणि किमान तीन महिन्यांची मुदत द्यावी. बागायतदाराची पेट्यांची नोंद किंवा होमस्टेचे जुने बुकिंग त्याला एक्सेलमध्ये परत करावे आणि मगच आपल्याकडून पुसावे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचा रोखही काम संपल्यावर माहिती साठवून न ठेवण्याकडे आहे. ग्राहक यामुळे नाराज होतात, पण सेवा न सांगता बंद पडली तर ते उधारीही बुडवतात.

प्रत्यक्ष कार्यक्रमात भाषणे दहा मिनिटांत आटोपून दाराजवळच्या टेबलावर दोन माणसे बसवावीत आणि आलेल्या प्रत्येकाच्या फोनवर अ‍ॅपची नवी आवृत्ती तिथेच घालून द्यावी. पावसाळा असल्यास इन्व्हर्टर आणि दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिमकार्डे तयार ठेवावीत.