आजोबांचा तिकिटसंग्रह हाती आल्यावर काय करावे

घरातील वडीलधारी व्यक्ती गेल्यानंतर कपाटाच्या वरच्या कप्प्यातून टपाल तिकिटांचे आठ-दहा अल्बम निघतात आणि "यात लाखभर रुपये तरी असतील" असे घरातले कोणीतरी म्हणतेच. तसे म्हणणाऱ्याला दोष देता येत नाही. एके काळी तिकिटसंग्रहाला छंदांचा राजा म्हटले जात असे आणि फिलॅटेलिक ब्युरोत, म्हणजे टपालखात्याच्या संग्राहकांसाठीच्या तिकीट विक्री केंद्रात, अनामत खाते उघडून निघेल ते प्रत्येक नवे तिकीट घेणारी अनेक मध्यमवर्गीय माणसे ते मुलांसाठी करून ठेवलेली गुंतवणूक समजत असत. आज अशा बहुतेक अल्बमना तिकिटांवरील छापील किमतीइतकाही भाव येत नाही. त्याच घरातील जुन्या पत्रांच्या गठ्ठ्याला मात्र कधी कधी अल्बमपेक्षा अधिक किंमत असते, आणि घर आवरताना आधी टाकला जातो तो नेमका हाच गठ्ठा. म्हणून कोणते काम आधी करावे आणि कोणते मुळीच करू नये, हे ठरवूनच कपाटाला हात घालावा.

सर्वांत महत्त्वाची सूचना अशी की कोणतेही तिकीट पाकिटावरून सोडवू नये. ही सूचना मी अनुभवाने देत आहे. एका मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही चुलत भावंडांनी नांदेडहून आलेल्या जुन्या पत्रांचे तिकिटाकडील कोपरे कापले, ते परातीत भिजत घातले, सुटलेली तिकिटे वर्तमानपत्रावर वाळवली आणि उरलेली पाकिटे दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळीच्या बंबात घातली. ती पत्रे निजामाच्या टपालाने आलेली होती. हैदराबाद संस्थानाचे टपालखाते १९५० मध्ये भारतीय टपालात विलीन झाले, त्यामुळे तोपर्यंतच्या मराठवाड्यातील पत्रांवर निजामाची तिकिटे आणि आपल्या ओळखीच्या गावांचे शिक्के दिसतात. चारमिनारचे चित्र असलेले एक आण्याचे तपकिरी तिकीट अजून माझ्या अल्बमात आहे आणि ते कोणत्याही व्यापाऱ्याकडे किरकोळ किमतीला मिळते. गावाचा शिक्का, तारीख, पत्ता आणि तिकीट हे सगळे एकत्र असलेले पाकीट मात्र पुन्हा मिळणार नाही.

या छंदाची किंमत नेमकी कोठे सरकली, ते यावरून लक्षात यावे. सुटे तिकीट लाखोंच्या संख्येने छापलेले असते. जगातील पहिले तिकीट असलेले १८४० चे पेनी ब्लॅकसुद्धा सुमारे ६ कोटी ८० लाख छापले गेले होते आणि त्यामुळे ते प्रसिद्ध असले तरी दुर्मीळ नाही. आपल्याकडे सत्तरच्या दशकातील अनेक स्मारक तिकिटांची छपाई वीस-तीस लाखांच्या घरात होती आणि त्यांतील कोरी तिकिटे हजारो संग्राहकांनी एकाच हेतूने, एकाच काळजीने जपून ठेवली. आता ते सगळे अल्बम एकाच पिढीत बाहेर येत आहेत आणि ते विकत घेणारी शाळकरी मुले राहिलेली नाहीत, कारण पत्र येणेच बंद झाले आहे. पूर्वी एखाद्या व्यापाऱ्याकडे नसलेले तिकीट दुर्मीळ वाटे. आता संगणकावर शोधले की त्याचे पन्नास विक्रेते समोर येतात.

पत्रांचा गठ्ठा बाजूला ठेवून झाला की अल्बम उघडावेत आणि स्वच्छ हातांनी, शक्यतो चपट्या टोकाच्या चिमट्याने, पुढीलप्रमाणे वाटणी करावी. पहिला ढीग परदेशी रंगीत तिकिटांचा होईल. त्यात हंगेरी, पोलंड, मंगोलिया यांची आणि अजमान, फुजैरा, उम्म अल क्वैन अशा अमिरातींची १९७२ च्या आसपासपर्यंतची फुलपाखरे, घोडे आणि अंतराळवीर भरपूर असतील. कोपऱ्यात गोल शिक्क्याचा नेटका पाव भाग आणि मागे डिंक जसाच्या तसा असेल, तर ते तिकीट टपालात कधी गेलेलेच नाही. संग्राहकांना विकण्यासाठी छापखान्यातच शिक्का मारून त्याची पाकिटे भरलेली आहेत. हा ढीग एखाद्या हौशी मुलाला देऊन टाकावा. अपवाद एकच सांगतो: भूतानने १९७२ मध्ये ध्वनिमुद्रिकेच्या आकाराची, खरोखर वाजणारी तिकिटे काढली होती. तेव्हा जाणकार त्यांना हसले. आज त्यांना चांगली मागणी आहे.

दुसरा ढीग स्वातंत्र्योत्तर भारतातील कोऱ्या तिकिटांचा आणि फर्स्ट डे कव्हरांचा, म्हणजे नवे तिकीट लावून ते निघाल्याच दिवशीचा शिक्का मारलेल्या खास पाकिटांचा. हा ढीग सर्वांत मोठा असतो आणि सर्वांत मोठी निराशाही येथेच होते. पत्ता नसलेले, टपालात न गेलेले फर्स्ट डे कव्हर आज बहुधा गठ्ठ्यानेच विकले जाते. कोऱ्या तिकिटांबाबत मात्र एक गंमत आहे. २५ पैशांचे नाणे ३० जून २०११ पासून चलनातून बाद झाले. २५ पैशांचे कोरे तिकीट मात्र पाकिटावर चिकटवता येते. पाच रुपयांच्या साध्या पत्राला अशी वीस तिकिटे लागतील आणि पत्ता लिहायला जागा उरणार नाही, पण मोठ्या टपाली पाकिटावर ती सहज मावतात. आण्यांतील तिकिटे यासाठी चालत नाहीत. एवढ्या छोट्या मूल्यांची तिकिटे लावण्याआधी आपल्या पोस्टातील खिडकीवर विचारून घ्यावे.

या ढिगात थोडा वेळ घालवावा अशी एक जागा म्हणजे १५ ऑगस्ट १९४८ ची गांधीजींची चार तिकिटे: दीड आणा, साडेतीन आणे, बारा आणे आणि दहा रुपये. ती स्वित्झर्लंडमध्ये छापलेली असून त्यांवर 'बापू' ही अक्षरे देवनागरीत आणि उर्दूत आहेत. दीड आण्याचे तिकीट घरोघरी सापडते. दहा रुपयांच्या तिकिटाला किंमत आहे आणि म्हणूनच त्याच्या नकला पुष्कळ झाल्या आहेत. अस्सल तिकिटाच्या कडेचे दाते दोन सेंटीमीटरमध्ये साडेअकरा भरतात. मोजपट्टीवर वेगळा आकडा आला की दुर्मीळ प्रत समजून हुरळून जाऊ नये, आणि तोच आकडा आला तरी तज्ज्ञाच्या प्रमाणपत्राशिवाय व्यवहार करू नये. त्यावर 'सर्व्हिस' असा शासकीय ठसा दिसला तर बहुतेक वेळा तो नंतर कोणीतरी मारलेला असतो.

आता पुन्हा पत्रांच्या गठ्ठ्याकडे वळावे, कारण भिंग खरे तर येथे लागते. दुसऱ्या महायुद्धातील सैनिकांची पत्रे सातारा, रत्नागिरीकडील अनेक घरांत असतात. त्यांवर फील्ड पोस्ट ऑफिसचा (सैन्यासोबतच्या टपाल कार्यालयाचा) क्रमांक आणि सेन्सॉरची पट्टी किंवा शिक्का आहे का ते पाहावे. १९५३-५४ मध्ये कोरियात आणि हिंदचीनमध्ये (व्हिएतनाम, लाओस, कंबोडिया) गेलेल्या भारतीय तुकड्यांसाठी साध्या भारतीय तिकिटांवर देवनागरीत ठसे छापले होते. १९६१ पूर्वीच्या पोर्तुगीज गोव्याहून आलेली पाकिटे वेगळी ठेवावीत. १९७१ च्या अखेरीची अगदी सामान्य, व्यवहाराची पत्रेही चाळावीत: बांगलादेशी निर्वासितांच्या मदतीसाठी प्रत्येक पत्रावर पाच पैशांचे जादा तिकीट लावावे लागे, आणि कुटुंब नियोजनाच्या तिकिटावर 'रेफ्युजी रिलीफ' असे छापलेली तिकिटे सर्वत्र पोचण्याआधी काही ठिकाणी स्थानिक रबरी शिक्क्यांवर काम भागवले गेले. नाशिक रोडच्या छापखान्यात छापलेला ठसा सर्वत्र मिळतो. वेडावाकडा रबरी शिक्का जाणकार शोधत असतात. तोही पाकिटावर, तारखेसह असेल तरच त्याचा भरवसा.

तिकिटांच्या कॅटलॉगमधील, म्हणजे छापील दरसूचीतील, आकडे वाचताना ते व्यापाऱ्याचे विक्रीचे दर असतात, खरेदीचे नव्हेत, हे विसरू नये. अगदी तळाच्या किमती तर तिकीट शोधून पाकिटात घालण्याच्या श्रमाच्या असतात. शिवाय ते दर निर्दोष प्रतीचे असतात. मुंबई-कोकणच्या दमट हवेत डिंकावर येणारे तपकिरी ठिपके, तुटलेला दात, चिकटपट्टीचा डाग यांपैकी काहीही असले तर तो आकडा विसरावा. पानाला चिकटलेले कोरे तिकीट ओढून काढू नये आणि इस्त्री तर मुळीच फिरवू नये.

विकायचे ठरल्यास संग्रह किमान तीन ठिकाणी दाखवावा. टपालखात्याचे ब्युरो तिकिटे विकतात, विकत घेत नाहीत; त्यामुळे व्यापारी, लिलावसंस्था आणि तिकीट प्रदर्शनांतील गाळे हेच मार्ग उरतात. एखाद्याने चारच पाने निवडून "बाकीचे घरी ठेवा" म्हटले, तर ती चार पाने त्या दिवशी देऊ नयेत, घरी येऊन त्यांचाच शोध घ्यावा. मुले परदेशी असतील आणि अल्बम तिकडे न्यायचे असतील, तर शंभर वर्षांवरील वस्तूंना १९७२ चा पुरावस्तू कायदा लागू होऊ शकतो, याची चौकशी पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याकडे आधीच करावी.

जे विकले जाणार नाही आणि टाकवतही नाही, ते अल्बम आडवे न ठेवता पुस्तकांसारखे उभे ठेवावेत, बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात ठेवू नयेत आणि पावसाळा संपला की ऑक्टोबरच्या कोरड्या दुपारी, उन्हात नव्हे तर सावलीत, पाने उघडून तासभर वारा द्यावा.