सोलापुरात हौशी नाटकाचा ग्रुप बारमाही कसा चालवायचा

राज्य नाट्य स्पर्धेचा प्रयोग झाला, हुतात्मा स्मृती मंदिर नाट्यगृहातून सामान टेम्पोत चढलं, निकाल लागला, की आपल्याकडचे निम्मे ग्रुप पुढच्या पावसाळ्यापर्यंत गायब होतात. मग पुन्हा संहिता शोधा, पुन्हा माणसं गोळा करा. तोवर कुणाचं लग्न झालेलं असतं, कुणी पुण्याला गेलेलं असतं, आणि जे उरलेत त्यांचा आवाज बसलेला असतो. मी युनिफॉर्मच्या कारखान्यात हिशेब बघते आणि संध्याकाळी नाटकात असते, स्टेजवर कमी, विंगेत जास्त. त्यामुळं माझं सांगणं वेळ आणि पैसा याच अंगानं जाणार.

आधी कॅलेंडर घ्या आणि कोण कधी येणार नाही ते त्यावर लिहून काढा. शाळेच्या युनिफॉर्मचा सीझन उन्हाळ्यात, शाळा उघडेपर्यंत. कटिंग-शिलाईवाल्यांचा तेव्हा नाद सोडा. नारळी पौर्णिमेला पद्मशाली समाजाचा मार्कंडेय रथोत्सव, म्हणजे पूर्व भागातली पोरं त्या दिवसांत तुमची नाहीत. गणपतीच्या आधी लेझीमची प्रॅक्टिस असते. त्यावरून भांडू नका, लेझीम खेळणाऱ्याचा दम आणि ताल तुम्हाला आयता मिळतोय. कोजागरीला माणसं तुळजापूरला चालत जातात, जानेवारीत गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची यात्रा. एवढं वजा करून जे उरेल त्यात तालमी बसवा.

आणि पाणी! नळाला रोज पाणी येणारं गाव नाही आपलं. कुणाच्या पेठेत कधी पाणी सुटतं ते विचारूनच वेळ ठरवा. बायकांना तर विचाराच, कारण पिंप भरायला घरात कोण थांबतं हे सगळ्यांना ठाऊक आहे. ‘मुली टिकत नाहीत’ असं कुरकुरणाऱ्या किती दिग्दर्शकांनी हा साधा प्रश्न विचारलाय?

आठवड्यातली एक संध्याकाळ वाचनासाठी बांधून घ्या आणि काही झालं तरी तो वार हलवू नका. तीनच जण आले तरी वाचायचं. चिठ्ठ्या टाकून भूमिका वाटा, म्हणजे कायमचा नायक एखाद्या दिवशी मोलकरीण वाचतो. संहिता कागदावर हवी. मोबाईलवर वाचणारा स्वतःचं वाक्य येईपर्यंत दुसरीकडंच असतो. एप्रिल-मेमध्ये हॉलचा पत्रा तापलेला असतो, तेव्हा साडेआठनंतर कुणाच्या तरी गच्चीवर बसा. या बैठकीतून प्रयोग निघालाच पाहिजे असं नाही.

आवाजाचं काम मात्र दर बैठकीला करा. आमच्यात यंत्रमागावर काम करणारा एक मुलगा आहे. दिवसभर खटखटाटात बोलायची सवय, त्यामुळं माईक नसला तरी शेवटच्या रांगेला नीट ऐकू जातो. पण आजारी आईशी बोलायचा प्रसंग आला, तिथंही त्याचा आवाज तोच. ‘हळू बोल’ म्हटलं की शब्दच गिळायचा. मग त्याच्यासमोर एकीला गुडघ्याला गुडघा लावून बसवलं आणि सांगितलं, वाक्य हिला कळलं पाहिजे, शेजारच्याला नाही. घरी तो तेलुगू बोलतो, म्हणून तेच वाक्य आधी तेलुगूत म्हणायला लावलं. ‘अम्मा’ म्हणताना आवाज आपोआप खाली उतरला. त्याच पट्टीत मराठी वाक्य धरलं. मग तिला एकेक पाऊल मागं नेत गेलो. अंतर वाढलं की श्वास वाढवायचा, सूर चढवायचा नाही. ती दारापर्यंत पोचली तेव्हाही तो आईशीच बोलत होता. तेलुगू, कानडी, उर्दू, ज्याची जी घरची भाषा असेल ती अशी वापरा. सोलापुरात ही सोय फुकट आहे.

सोलापुरी हेल खरवडून काढू नका. पात्र पुण्याचं असेल तर तेवढ्यापुरती पुणेरी शिका, पोशाखासारखी. बाकी ‘काय करालाव बे’ तोंडात राहू द्या. लावण्या रचणारे आणि कीर्तनही करणारे शाहीर राम जोशी याच गावचे.

अभिनेते अतुल कुलकर्णी इथल्या नाट्य आराधना या हौशी संस्थेत काम करत होते, ही गोष्ट प्रत्येक ग्रुपमध्ये सांगतात. खरीच आहे, पण नव्या पोरांना पहिल्याच दिवशी सांगू नका. ती मग तालमीत बसून मुंबईचं स्वप्न बघतात.

पैशाचं थोडक्यात. मासिक वर्गणी सगळ्यात कमी पगारवाल्याला झेपेल एवढी ठेवा आणि दिग्दर्शकालाही माफ करू नका. बँकेत खातं दोघांच्या सहीचं. चहा-वड्याचा खर्च वर्गणीतून नाही, तालमीला घरून कडक भाकरी आणि शेंगाचटणी आणा, टिकते आणि पोटही भरतं. लेव्हल्स, म्हणजे स्टेजवरचे उंचवटे, दरवेळी भाड्यानं घेण्यापेक्षा प्लायचे दोन-चार ठोकळे करून घ्या. कपड्यांसाठी कारखान्यांत कटपीस मागा, कोणी नाही म्हणत नाही.

नाटक ठरलं की त्याच आठवड्यात लेखकाची लेखी परवानगी आणि संहिता तपासणाऱ्या सरकारी परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र या दोन गोष्टींच्या मागं लागा. रंगीत तालमीच्या दिवसांत कागद शोधत फिरणारा माणूस दिवे बघू शकत नाही.

स्पर्धेत आपला प्रयोग झाला म्हणून घरी बसू नका, बाकीच्यांचे बघा. आवडला तर दुसऱ्या दिवशी त्यांच्या दिग्दर्शकाला फोन करून आपल्या वाचनाला बोलवा. त्यांना प्रॉम्प्टर कमी पडत असेल तर आपला द्या, आपल्याला स्पॉटलाइट कमी पडला की त्यांचा मागा. फक्त कुणाचं काय आणलं ते वहीत लिहा आणि सामान परत जाईपर्यंत ती ओळ खोडू नका.