बुलेटच्या रिंगा बदलायच्या आधी

सायलेन्सरमधून निळा धूर दिसला की गल्लीतले सगळे एकच निदान सांगतात, रिंगा गेल्या (म्हणजे पिस्टनभोवतीच्या, दाब आणि तेल रोखणाऱ्या कड्या झिजल्या). जुन्या कास्ट आयर्न इंजिनच्या बुलेटचं हेड, म्हणजे इंजिनचं वरचं झाकण, उघडण्याआधी ते खरं आहे का बघा. रात्रभर उभी गाडी सकाळी चालू केल्यावर भसकन धूर सोडते आणि मग निवळते, तर संशय व्हॉल्व्ह गाइडवर (व्हॉल्व्हची दांडी ज्यात सरकते त्या नळीवर) घ्या. चढाला ॲक्सिलरेटर पिळला की सतत धूर, शिवाय ब्रीदरच्या (इंजिनमधली हवा बाहेर सोडणाऱ्या) नळीतून तेल उडतंय, तर रिंगा. कॉम्प्रेशन गेज (सिलिंडरातला दाब मोजायचं साधन) उसनं मिळालं तर एकदा आकडा घ्या, मग प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा घ्या. आकडा चांगला चढला तर गळती रिंगांपाशीच.

तरी रिंगा लगेच विकत आणू नका. आधी बॅरल (पिस्टन ज्यात वरखाली होतो तो सिलिंडर) उतरवून कोल्हापुरात उद्यमनगरात बोरिंगवाल्याकडे न्या. साडेतीनशे सीसीच्या बुलेटचा मूळ बोअर, म्हणजे बॅरलचा आतला व्यास, 70 मिमी. वर, मधे, खाली, आडवा-उभा मापून घ्या. वरच्या टोकाला कडा नखाला लागत असेल तर नवी रिंग तिच्यावर आपटून मोडू शकते. बोअर अंडाकृती झालेला असताना नुसत्या रिंगा टाकणं म्हणजे पैसे पंचगंगेत सोडणं. मग बोअर वाढवून ओव्हरसाइज पिस्टनच घालायचा, आणि तो बोरिंगच्या आधी हातात हवा, कारण बोअर पिस्टन मापून करतात. माप ठीक निघालं तर हलकं होनिंग (आतली भिंत दगडानं घासणं) पुरतं. होनिंगनंतर बॅरल गरम पाण्यानं आणि साबणानं धुवा. नुसतं पेट्रोल बारीक भुकटी काढत नाही. पांढरं फडकं फिरवून ते पांढरंच बाहेर आलं की लगेच तेलाचा हात फिरवा, गंज तासाभरातही धरतो, पावसाळ्यात तर हमखास.

टेबलावर मांडायचं सामान थोडं आहे: रिंगांचा सेट, हेड आणि बॅरलची गॅस्केट, गजन पिनच्या (पिस्टन कनेक्टिंग रॉडला जोडणाऱ्या पिनच्या) नव्या सर्क्लिप, म्हणजे पिन अडकवणाऱ्या छोट्या क्लिपा (जुन्या परत वापरायच्या नाहीत), फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या), टॉर्क रेंच आणि स्वच्छ कापडाचे बोळे. बॅरल निघताच पहिला बोळा कनेक्टिंग रॉडभोवती क्रँककेसच्या (इंजिनच्या खालच्या पेटीच्या) तोंडात बसवायचा. सर्क्लिप उडून आत गेली तर एका दुपारचं काम आठवड्यावर जातं.

रिंग पिस्टनवर चढवण्याआधी एकेक बॅरलमध्ये घाला, पिस्टनच्या माथ्यानं सरळ खाली ढकला आणि तोंडाची, म्हणजे रिंगेच्या दोन टोकांमधली, फट मोजा. जुना हिशेब बोअरच्या इंचाला 4 थाउ (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), म्हणजे इथं साधारण 11 थाउ. बोअर होता तसाच ठेवला असेल तर फट तळाशी, कमी झिजलेल्या जागी मोजा. कमी भरली तर बारीक कानशीने टोक घासा. फट नसेल तर तापल्यावर टोकं एकमेकांवर चढतात आणि बोअर ओरबाडतात. पिस्टनचे खाचे कार्बननं भरलेले असतात, ते मोडक्या जुन्या रिंगेनं खरवडा. खूण असलेली बाजू वर. तिन्ही रिंगांची तोंडं एका रेषेत नकोत.

तेल नवं भरा. पहिले काही दिवस पन्हाळा, जोतिबाचे चढ नकोत, डबलसीटही नको. सांगली रोडसारख्या सपाट रस्त्यावर वेग कमी-जास्त करत चालवा आणि 500 किलोमीटरच्या आत तेल पुन्हा बदला.