टाक्याचं पाणी, सॅकमधला फिल्टर आणि खिशातल्या गोळ्या: ट्रेकसाठी काय घ्यावं

पाऊस ओसरला की ट्रेकला येणारं कुणी ना कुणी विचारतंच, पाण्याचा फिल्टर कुठला घेऊ? मग ज्याच्याकडे जो आहे तो त्याचंच कौतुक करतो. मीही पहिला फिल्टर असाच घेतला, स्ट्रॉवाला, म्हणजे नळी तोंडात धरायची आणि थेट ओढ्याला तोंड लावून प्यायचं. फोटोत भारी दिसतं. पण मार्च महिन्यात गडावर गेलो तर कातळात कोरलेल्या टाक्यातलं पाणी काठापासून दीड-दोन हात खाली, मी पालथा पडून वाकतोय आणि मागे मित्राने माझा पट्टा धरलाय, असा एक घोट प्यायलो आणि तेव्हाच कळलं की ही वस्तू सह्याद्रीसाठी बनलेलीच नाही. शिवाय स्ट्रॉने पाणी पिता येतं, भरून नेता येत नाही, भात लावायला तर नाहीच नाही.

म्हणून आधी बघा की तुम्ही पाणी कुठनं भरणार. जून ते सप्टेंबर पाणीच पाणी, पण ओढे लाल-गढूळ. ऑक्टोबर-नोव्हेंबरात झरे छान वाहतात. संक्रांतीनंतर मात्र बहुतेक गडांवर टाकीच उरतात, काही थंडगार नितळ आणि काहींवर शेवाळाची हिरवी साय. पायथ्याच्या गावात विचारून घ्या, "मामा, वर पाणी आहे का, आणि तुम्ही स्वतः कुठल्या टाक्यातलं पिता?" दुसरा प्रश्न महत्त्वाचा, कारण गडावर दहा टाकी असली तरी पिण्याचं त्यातलं एखादंच असतं आणि ते गुराख्यांना बरोबर ठाऊक असतं. हरिश्चंद्रगडावर केदारेश्वराच्या गुहेत शिवलिंगाभोवती कमरेएवढं गार पाणी आहे, दिसायला एकदम स्वच्छ, पण लोक त्यातूनच प्रदक्षिणा घालतात, तिथनं बाटली भरू नका एवढंच. गावातल्या हापशाचं पाणी मिळत असेल तर मी सरळ तेच दोन-तीन लिटर जास्त उचलतो, खांदे दुखतात ते दुखू देत. (पावसाळ्यात त्यातही गोळी टाकतो.)

आता फिल्टर नक्की काय अडवतो ते बघू. हॉलो फायबर म्हणून एक प्रकार असतो, आत नूडल्ससारख्या बारीक पोकळ नळ्यांचा जुडगा, त्यांच्या भिंतींना ०.१ किंवा ०.२ मायक्रॉनची भोकं (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). सॉयर, लाइफस्ट्रॉ, कॅटाडिन बीफ्री हे सगळे ह्याच जातीतले. पोटात जाऊन त्रास देणारा जिआर्डिया साधारण ८ ते १२ मायक्रॉनचा, क्रिप्टोस्पोरिडियम ४ ते ६ चा, टायफॉइड-कॉलराचे बॅक्टेरिया त्याहून लहान पण तेही अडकतात. अडकत नाहीत ते व्हायरस. काविळीचा हेपटायटिस ए घ्या, तो ०.०३ मायक्रॉनच्याही आतला, म्हणजे त्याच्यासाठी ही भोकं म्हणजे उघडं दारच.

परदेशातले रिव्ह्यू बघून आपण फिल्टर घेतो आणि इथेच गल्लत होते. अमेरिकेतल्या डोंगरात वस्ती लांब, तिथे व्हायरसची फारशी भीती धरत नाहीत, त्यामुळे नुसता ०.१ चा फिल्टर पुरतो म्हणतात. आपल्याकडे ओढ्याच्या वरच्या अंगाला वाडी असते, गुरं असतात, आणि शनिवारी रात्री गडावर तीनशे लोक मुक्कामाला असतील तर सकाळी ते कुठे जातात हे काय सांगायला हवं का. त्यातून हेपटायटिस ए शरीरात शिरल्यापासून कावीळ दिसायला दोन ते सहा-सात आठवडे जातात, म्हणजे ऑगस्टमध्ये ट्रेक केला आणि सप्टेंबरमध्ये डोळे पिवळे झाले की आपण नाक्यावरच्या वडापाववाल्याला शिव्या घालतो, टाकं कुणाला आठवतंय.

लेप्टोचं (लेप्टोस्पायरोसिसचं) पण तसंच, तोही फिल्टरला चुकवतो. तो बॅक्टेरियाच, पण स्प्रिंगसारखा पिळदार आणि जाडीला जेमतेम ०.१ मायक्रॉन, ०.२ च्या भोकातून आरामात सरकतो. कोकणात पावसाळ्यात लेप्टो असतो हे घराघरात माहीत आहे, आणि तो पिण्यापेक्षा जास्त करून पायाच्या जखमेतून शिरतो, त्यामुळे चिखलात चालल्यावर जखमा धुवायच्या, हे जाता जाता.

मग करायचं काय? माझं उत्तर स्वस्तातलं आहे: फिल्टर अधिक क्लोरीनची गोळी. आधी गाळायचं, मग गोळी, मग अर्धा तास थांबायचं. ही जोडी जमते कारण एकाचं जिथे अडतं तिथे दुसरा उभा राहतो. क्लोरीन व्हायरस मारतो, लेप्टो मारतो, पण क्रिप्टोला त्याचं काही वाटत नाही. तो नेमका फिल्टरला अडकतो. आणि गाळलेल्या पाण्यात कचरा नसल्यामुळे क्लोरीन वाया जात नाही. गोळ्या केमिस्टकडे मिळतात, किती लिटरला किती ते पाकिटावर असतं ते नीट वाचा, कारण काही गोळ्या एक लिटरच्या असतात तर काही थेट वीस लिटरच्या. ग्रामपंचायत विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकते ते बघून कुणी ती पावडर अंदाजाने बाटलीत टाकू नका.

वासाची तक्रार असेल तर लिंबू पिळा, पण अर्धा तास झाल्यावरच. लिंबातलं व्हिटॅमिन सी क्लोरीनला खाऊन टाकतं, त्यामुळे वास जातो ते ठीक, पण आधीच पिळलंत तर त्याचं कामही गेलं. सरबताची पावडर, ओआरएस, सगळं नंतर.

गढूळ पाण्याचं वेगळं दुखणं आहे. लाल पाणी थेट फिल्टरमध्ये घातलं की तो दुसऱ्या लिटरलाच रडायला लागतो. मोठ्या भांड्यात पाणी घेऊन तुरटीचा खडा दोन-चारदा फिरवा (आजी निवळीची बी उगाळायची, काम तेच), तासभर निवळू द्या, वरचं पाणी हलकेच काढा आणि मऊ सुती पंच्याच्या चार घड्यांतून गाळा. कापडातून गाळणं म्हणजे भाबडेपणा नव्हे. पायऱ्यांच्या विहिरी आणि टाक्यांमधून पूर्वी नारू (कातडीतून बाहेर येणाऱ्या लांब जंताचा रोग) व्हायचा, त्याची अळी पाण्यातल्या सायक्लॉप्स नावाच्या बारीकशा जिवाच्या पोटात असायची आणि तो कापडात अडकतो, देशातून नारू हटवला त्यात ह्या गाळण्याचा मोठा वाटा आहे, २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. अर्थात कापडाने टायफॉइड अडत नाही, ते फक्त फिल्टरचं आयुष्य वाढवतं.

बाकीचे पर्याय पटापट सांगतो. यूव्हीची, म्हणजे अतिनील किरणांची कांडी मिळते, लिटरभर पाण्यात दीड मिनिट ढवळली की झालं, व्हायरससकट सगळं गार, चव बदलत नाही. पण पाणी नितळ पाहिजे, बॅटरी पाहिजे, आणि कांडी खडकावर पडली नाही पाहिजे. मी स्वतः घेणार नाही. ग्रेल कंपनीची असते तशी दाबून गाळायची बाटली व्हायरसही काढते, एकट्या-दुकट्याला झकास, पण एका दाबात पाऊण लिटरही निघत नाही आणि आठ जणांच्या मुक्कामाला ३०-३२ लिटर लागतं, म्हणजे पंचेचाळीस वेळा बाटलीवर उभं राहून जोर काढायचा. शिवाय कार्ट्रिज सुमारे २५० लिटरला संपतं आणि ते बाहेरून मागवायला महाग. उकळणं सगळ्यात खात्रीचं: खळाखळा उकळी आल्यावर एक मिनिट, दोन हजार मीटरच्या वर तीन मिनिटं. आपलं कळसूबाईच १६४६ मीटर, त्यामुळे सह्याद्रीत एक मिनिट बास. पण सगळं पिण्याचं पाणी उकळायचं म्हटलं तर गॅस संपतो, सरपणासाठी झाडं तोडू नका. चहाचं आणि मॅगीचं पाणी तसंही उकळतंच, ते मुद्दाम फिल्टरमधून काढायची गरज नाही, ही साधी गोष्ट लक्षात यायला मला दोन वर्षं लागली.

"फिल्टर बॉटल" नावाने ऑनलाइन जे स्वस्तात मिळतं त्यातल्या बऱ्याच बाटल्यांत नुसता कोळसा असतो, अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन. त्याने वास आणि चव सुधारते, जंतू जात नाहीत. बॉक्सवर "एनएसएफ ४२" एवढंच लिहिलं असेल तर ते चवीचं सर्टिफिकेट आहे. मायक्रॉनचा आकडा शोधा आणि त्याच्या शेजारी "अ‍ॅब्सोल्यूट" लिहिलंय का बघा, म्हणजे त्याहून मोठं भोक नाही; "नॉमिनल" म्हणजे सरासरीचा मामला, मोठी भोकंही असू शकतात. व्हायरस काढतो म्हणणाऱ्याने ९९.९९ टक्के व्हायरस आणि ९९.९९९९ टक्के बॅक्टेरिया असे आकडे द्यायला हवेत. आणि शेतातली फवारणी, खत, कारखान्याचं सांडपाणी, हे ह्यातल्या कशानेही भरवशाने निघत नाही. ऊस-द्राक्षांच्या पट्ट्यातून वाहत आलेला ओढा दिसला तर पुढे चालू लागा.

मग घ्यायचं कुठलं? दोघं-तिघं असाल तर बाटलीला किंवा पिशवीला लागणारा पिळायचा फिल्टर, वजन शंभर ग्रॅमच्या आत. ग्रुप मोठा असेल तर तोच फिल्टर नळी जोडून वापरा, मळक्या पाण्याची पिशवी झाडाला टांगायची, खाली भांडं, आणि आपण कांदा चिरत बसायचं. पिशव्या शिवणीत फाटतात म्हणून एक जास्तीची ठेवा. कोल्ड्रिंकच्या बाटलीला आटे बसतात म्हणतात, पण आपल्याकडच्या सगळ्या बाटल्यांना बसतातच असं नाही, घरीच लावून, उलटी करून, पिळून बघा. आणि दहा-बारा मीटर पातळ दोरी आणि दुमडणारी छोटी बादली सॅकमध्ये पाहिजेच, टाक्यात उतरून पाय बुडवून पाणी काढायचं नाही, तिथेच भांडी घासायची नाहीत, तुमच्या मागनं येणाराही तेच पिणार आहे.

मे महिन्यात हिमालयात जाणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. हॉलो फायबर एकदा ओला झाल्यावर गोठला की आतल्या नळ्या तडकतात, वरून काहीच दिसत नाही आणि पाणी उलट जास्त भराभर येऊ शकतं, तेव्हा रात्री तो पिशवीत घालून स्लीपिंग बॅगमध्येच घ्या. आणि बर्फाच्या पाण्यात गोळीला वेळ लागतो, अर्ध्या तासाचा एक तास करा.

मळक्या पाण्याच्या बाटलीला लाल रबरबँड लावा, अंधारात दोन्ही बाटल्या सारख्याच दिसतात. घरी आल्यावर फिल्टरबरोबर आलेल्या सिरिंजने स्वच्छ पाणी उलट्या बाजूने जोरात मारा, गढूळ येणं थांबेपर्यंत, मग एकदा क्लोरीनचं पाणी जाऊ द्या आणि झाकण उघडं ठेवून आठवडाभर सावलीत वाळू द्या. मी एकदा तसाच ओला सॅकमध्ये विसरलो आणि पुढच्या ट्रेकच्या आदल्या रात्री बाहेर काढला, आईने स्वयंपाकघरातूनच विचारलं, "काय मेलंय रे तिकडे?"