बोटीचं डिझाइन शिकायचंय? वजनाच्या वहीपासून सुरुवात करा

यॉट किंवा छोट्या बोटीचं डिझाइन शिकायचं ठरवलं की बहुतेक जण थेट चित्र काढायला बसतात. निमुळती नाळ (बोटीचं पुढचं टोक), मागे झुकलेली केबिन, डौलदार कड. चित्र काढण्यात गैर काहीच नाही. पण बोट पाण्यात किती बुडेल, किती कलेल आणि कललेली पुन्हा सरळ होईल का, याची उत्तरं त्या चित्रात नसतात. ती वजनाच्या हिशेबात असतात. म्हणून सुरुवातीला वही आणि कॅल्क्युलेटर हाताशी ठेवा. शाळेतलं गणित आणि आर्किमिडीजचा नियम पक्का असला की कामाला लागता येतं.

१. एक खरी बोट मोजून काढा

मोजपट्टी, ओळंबा, पाणसळ आणि दोरा एवढंच सामान लागतं. पहिल्यांदा सपाट फळ्यांची डिंगी, म्हणजे छोटी उघडी बोट निवडा. क्लार्क मिल्स यांनी १९४७ साली आखलेली ऑप्टिमिस्ट त्यासाठी फार चांगली: लांबी सुमारे २.३ मीटर, हलचं (बोटीच्या मुख्य कवचाचं) वजन ३५ किलो आणि सगळे कोपरे स्पष्ट. बोट उलटी करून समपातळीत ठेवा, मधोमध दोरा ताणा आणि लांबीचे दहा सारखे भाग पाडा. प्रत्येक ठिकाणी मधल्या रेषेपासून कडेपर्यंतचं अंतर आणि उंची टिपा. या आकड्यांवरून बाजूचं, वरचं आणि समोरचं अशी तीन दृश्यं काढायची.

तिन्ही दृश्यं एकमेकांशी जुळायलाच हवीत. जुळत नसतील तर लवचिक पातळ पट्टी बिंदूंवरून वाकवून वजनांनी दाबून धरा. जिथे पट्टी बिंदूपासून सुटते, तिथे मोजमाप चुकलेलं असतं.

२. वजनाचा तक्ता

चार रकाने आखा: वस्तू, वजन, तळापासूनची उंची, नाळेपासूनचं अंतर. फळ्या, गोंद, रंग, स्क्रू, नांगर, दोर, पिण्याचं पाणी आणि माणसं, सगळं लिहा. वजनाला उंचीने गुणा, बेरीज करा, एकूण वजनाने भागा. आलेला आकडा म्हणजे गुरुत्वमध्याची उंची. अंतराचा रकानाही असाच सोडवला की बोट नाळेकडे झुकेल की मागे, ते कळतं. न सुचलेल्या वस्तूंसाठी दहा टक्के वाढीव धरा. बोट नेहमी अंदाजापेक्षा जडच निघते.

३. स्थिरता: इथे घाई करू नका

माझ्या मते सगळा विषय इथे उलगडतो, म्हणून एक उदाहरण पूर्ण सोडवू. खोक्यासारखी, सपाट तळाची बोट, लांबी ४ मीटर. बोट ९० किलो, दोन माणसं १५० किलो, सामान २० किलो. एकूण २६० किलो. गोड्या पाण्यात २६० किलो म्हणजे ०.२६ घनमीटर पाणी बाजूला सारलं जाणार. माणसं बसलेली असताना गुरुत्वमध्य तळापासून ०.४४ मीटरवर धरू.

आता रुंदी १.२ मीटर घेतली तर बोट साधारण साडेपाच सेंटिमीटर बुडते. बुडालेल्या भागाचा मध्य त्याच्या निम्म्यावर, म्हणजे ०.०२७ मीटरवर. बोट जराशी कलली की हा मध्य कललेल्या बाजूला सरकतो आणि तिथून वर जाणारी प्लावक बलाची रेषा बोटीच्या मधल्या रेषेला जिथे छेदते, तो बिंदू म्हणजे मेटासेंटर. पिएर बूगेर यांनी ही कल्पना १७४६ मध्ये मांडली आणि आजही पहिला हिशेब तिच्यावरच होतो. बुडालेल्या मध्यापासून मेटासेंटर किती वर, हे काढायला लांबी गुणिले रुंदीचा घन भागिले १२ करायचं आणि उत्तराला बुडालेल्या घनफळाने भागायचं. इथे २.२१ मीटर येतात. त्यात ०.०२७ मिळवून ०.४४ वजा केले की १.८० मीटर उरतात. मेटासेंटर गुरुत्वमध्याच्या एवढा वर, म्हणजे बोट चांगलीच ताठ, सहजासहजी न कलणारी.

तीच बोट ०.७५ मीटर रुंद करा, वजन तेवढंच ठेवा. १.८० चा आकडा ०.१४ वर येतो. मग दोघं एकदम उभे राहिले तर? गुरुत्वमध्य ०.६७ मीटरवर चढतो, मेटासेंटर मात्र ०.५८ वरच राहतो. उत्तर ऋण आलं: सरळ राहण्याची ताकद संपली, बोट कलंडणार. १.२ मीटरच्या बोटीत दोघं उभे राहिले तरी दीड मीटरहून जास्त शिल्लक राहते. रुंदीचा घन काय करतो, ते या दोन आकड्यांत दिसतं. ०.९ मीटरचा हिशेब तुम्ही स्वतः करून पाहा. उभं राहिल्यावर सुमारे ०.३० आलं तर पद्धत बसली.

हे सगळं थोड्या अंशांच्या कलण्यापुरतंच खरं आहे. शिडाची बोट खूप कलते, तिच्यासाठी प्रत्येक कोनाला सरळ करणारी ताकद किती याचा आलेख काढावा लागतो. १९७९ च्या फास्टनेट या यॉटच्या समुद्री शर्यतीत वादळात १५ स्पर्धक खलाशी दगावले, आणि त्यानंतर यॉटच्या मोठ्या कोनांतल्या स्थिरतेवर बरंच संशोधन झालं. रुंद, हलकी बोट सुरुवातीला ताठ वाटते, पण पूर्ण उलटली की तशीच उलटी पडून राहू शकते. अरुंद आणि खाली जड कील (तळाखालचा वजनदार पंखा) असलेली बोट लवकर कलते, पण परत उठते. दोन्ही आलेख शेजारी ठेवून पाहिल्याशिवाय रुंदीवर ठाम मत बनवू नका.

४. वक्र आकाराचं घनफळ

खोक्याला साधं सूत्र पुरतं, खऱ्या हलला नाही. तिथे सिम्प्सनचा नियम वापरतात. पहिल्या पायरीत मोजलेल्या प्रत्येक ठिकाणच्या छेदाच्या पाण्याखालच्या क्षेत्रफळांना १, ४, २, ४… १ असं गुणून बेरीज करायची आणि दोन छेदांमधल्या अंतराच्या एक तृतीयांशाने गुणायचं. एकदा तरी हातानेच करा.

५. वेग

विल्यम फ्रूड यांनी १८७० च्या दशकात इंग्लंडमधल्या टॉर्की इथल्या टाकीत मॉडेल ओढून लाटांचा अवरोध मोजला. त्यांच्या कामाचा छोट्या बोटीसाठी अर्थ असा: पाण्यातली लांबी मीटरमध्ये घेऊन तिच्या वर्गमुळाला २.४३ ने गुणलं की नॉटमध्ये (ताशी सागरी मैलांत) जो वेग येतो, त्याच्या आसपास बोट स्वतःच्याच लाटेत अडकते. ४ मीटरला हा वेग ४.९ नॉट. त्यापुढे जड बोटीला इंजिन वाढवून फारसं काही मिळत नाही. हलकी आणि मागे सपाट तळ असलेली बोट मात्र पाण्यावर चढून घसरू लागते.

६. मजबुती

फळीचा ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो. ६ मिलिमीटरऐवजी ९ मिलिमीटर प्लाय घेतला तर वजन दीडपट, ताठपणा जवळपास साडेतीनपट. पण सगळीकडे जाडी वाढवण्यापेक्षा आतून पट्ट्या देणं वजनाच्या दृष्टीने स्वस्त पडतं. लाटेचा मार खाणाऱ्या तळाच्या पुढच्या भागासाठी आयएसओ १२२१५ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे, स्थिरतेसाठी आयएसओ १२२१७. दोन्ही वाचायला कोरडी आहेत, पण कुठल्या भाराचा विचार करायचा ते त्यांतून शिस्तीत कळतं.

इथे जाडी बदलली की वजनाचा तक्ता बदलतो, मग बुडणं, मग स्थिरता. हे चक्र तीन-चारदा फिरतंच.

७. सॉफ्टवेअर

आता घ्या. डेल्फ्टशिपची मोफत आवृत्ती पुरेशी आहे. आधी ते खोकं त्यात काढा आणि तुमचे आकडे येतात का पाहा.

८. मॉडेल आणि कलण्याची चाचणी

एक पंचमांश मॉडेल केलंत तर वजन १२५ पट कमी हवं: २६० किलोंचे २.०८ किलो. गुरुत्वमध्यही त्याच प्रमाणात खाली-वर जुळवा, नाहीतर चाचणीला अर्थ नाही.

पूर्ण बोट बांधायच्या आधी आराखडा जाणकार नौका-अभियंत्याला दाखवा. बांधून झाली की शांत पाण्यात ती सैल बांधा, माणसांऐवजी तेवढ्याच वजनाच्या वाळूच्या पिशव्या बसलेल्या माणसाच्या पोटाच्या उंचीवर घट्ट बांधा आणि एक मीटरचा ओळंबा टांगा. सामानातलं १० किलोचं वजन अर्धा मीटर आडवं सरकवा. आपल्या १.२ मीटरच्या बोटीत ओळंबा १ सेंटिमीटरच्या जरा पुढे सरकायला हवा, ०.७५ च्या बोटीत तब्बल १३. हिशेबापेक्षा जास्त सरकला तर वजनाचा तक्ता पुन्हा उघडा आणि आधी उंचावरच्या वस्तू तपासा.